नाचणीला घर हवे आहे (सातारा) : घर पारखायचे कसे?

सोनचाफा, सातारा (९ फेब्रुवारी)

नमस्कार मंडळी.

डिसेंबरच्या अखेरीस लिंबच्या शिवारातील एक शेतकरी तोडणी झालेल्या फडातले पाचट पेटवायला निघाले होते. काडी ओढणार तेवढ्यात बांधाच्या बाजूने कुईकुई ऐकू आली, म्हणून त्यांनी काडीपेटी खिशात टाकली आणि हाताने पाचट उकरले, तर आत कुत्र्याची चार पिल्ले एकमेकांना चिकटून पडलेली. ऊसतोडीची टोळी आदल्याच दिवशी कोप्या मोडून पुढच्या फडावर गेली होती. पिल्लांची आई टोळीबरोबर गेली की वाटेत गाडीखाली सापडली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दोन दिवस वाट पाहूनही ती परतली नाही, तेव्हा त्यांनी पिल्ले खोक्यात घालून आमच्या घरी आणून दिली.

चारांपैकी दोन पार्व्होने, म्हणजे पिल्लांना रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूच्या आजाराने गेली. सलाईन लावले, रात्रभर उशाशी बसले, तरी हाती काही लागले नाही. एक नर त्या शेतकऱ्यांनीच परत नेला आणि तो त्यांच्या वस्तीवर मजेत आहे. चौथी ही नाचणी. मळलेल्या नाचणीच्या पिठासारखा तिचा रंग आहे, म्हणून हे नाव. डावा कान उभा राहू लागला आहे, उजवा अजून पडलेला आहे. पाणी पिण्याआधी ती पुढचा एक पाय वाटीत बुडवून पाहते आणि मगच तोंड लावते.

वय अकरा आठवड्यांच्या आसपास आहे. जंताचे औषध वेळच्या वेळी दिले आहे, पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसीचे दोन डोस झाले आहेत, तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस द्यायची आहे. भात आणि उकडलेले चिकन खाते, ज्वारीची भाकरी कुस्करून दिली तर तीही आवडीने खाते. तिला कायमचे ठेवून घेण्याची माझी इच्छा नाही असे नाही, पण घरात आधीच दोन कुत्री आहेत आणि सासूबाई खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर धरून चालतात. पिल्लू त्यांच्या पायात घुटमळते आणि माझा जीव वरखाली होतो.

आतापर्यंत अकरा जणांनी चौकशी केली. त्यांतल्या सात जणांनी ‘मादी आहे’ एवढे ऐकून फोन ठेवला. उरलेल्यांपैकी मेढ्याकडच्या एका फार्महाऊसच्या मालकांना ती राखणीसाठी हवी आहे, आणि त्यांना नाही म्हणावे असे मला आतून वाटते. पण नाही म्हणत राहिले तर हिचे वय वाढत जाईल आणि मोठ्या कुत्र्याला घर मिळणे त्याहून अवघड, हेही कळते. जागा द्यायला पुष्कळ जण तयार आहेत, घर द्यायला कोण तयार आहे हे ओळखायचे कसे, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्यांनी पिल्ले दिली किंवा घेतली आहेत, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

वाडेफाटा

ताई, तुम्ही त्या जिवासाठी केलेत त्याबद्दल मनापासून आदर आहे. मात्र मेढ्याच्या चौकशीबद्दल माझे मत वेगळे आहे. आमच्या वस्तीवर तीन कुत्री आहेत. एकालाही साखळी नाही. दिवसभर रानात आमच्यामागे हिंडतात, भाकरी-ताक खातात, रात्री ट्रॉलीखाली झोपतात आणि परका माणूस बांधावर दिसला की सगळी वस्ती जागी करतात. कुत्र्याच्या जातीला राखण करणे आवडते, तो त्याचा मानच आहे. चार भिंतींच्या फ्लॅटमध्ये कोंडण्यापेक्षा शेतावरचे आयुष्य त्याला शंभर पटींनी बरे. शेतावर देणे म्हणजे टाकून देणे, असे कृपया मानू नये.

जावळीकर

वाडेफाटा यांचे म्हणणे त्यांच्या वस्तीपुरते अगदी बरोबर आहे, पण मेढ्याच्या बाजूचा माणूस म्हणून एक सांगणे आवश्यक वाटते. आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे, आणि कराड-पाटणच्या उसातही तो आहे. गावाकडे आलेला बिबट्या कुत्र्याला पहिल्यांदा उचलतो. मोकळे कुत्रे निदान घरात किंवा गोठ्यात पळते, बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. आमच्या शेजारच्या वाडीत सकाळी नुसती साखळी आणि तुटलेला पट्टा सापडल्याचे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून त्या मालकांना एकच विचारा, की रात्री हे कुत्रे कुठे झोपणार?

सोनचाफा

विचारले होते. दिवसा बांधून ठेवू आणि रात्री आवारात मोकळे सोडू, असे उत्तर मिळाले. ते कुटुंब राहते साताऱ्यात, फार्महाऊसवर रविवारी जाते. बाकीचे सहा दिवस एक रखवालदार काका येऊन खायला घालतील, असे म्हणाले.

वाडेफाटा

मग माझा शब्द मी मागे घेतो. माणसे राहत नाहीत तिथे कुत्रे ठेवू नये. वस्तीवरचे कुत्रे सुखात असते ते माणसांच्या सोबतीमुळे, रानामुळे नव्हे.

तराजू

कायद्याची बाजूही नोंदवून ठेवतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे, आणि त्याच्या कलम ११ नुसार जनावराला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडून देणे हेही त्याच कलमात येते. कायद्याच्या धाकाने कोणी माया करणार नाही, हे मान्य आहे. तरीही हमीपत्र लिहून घेताना या दोन्ही गोष्टींचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा, म्हणजे समोरच्याला आपण काय स्वीकारतो आहोत याची जाणीव राहते.

मिरजकर

सोनचाफाताई, हा अनुभव मी आजवर कुठे लिहिला नव्हता, आज लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. गावभागात होडीतून माणसे काढत असताना एका पत्र्याच्या छपरावर दोन-अडीच महिन्यांचे काळे पिल्लू दिसले, ते आम्ही उचलले. आमच्याच घरात चिखल, सगळे नातेवाईक एका खोलीत, त्यामुळे पूर ओसरल्यावर ज्यांनी पहिल्यांदा मागितले त्यांना मी ते देऊन टाकले. गृहस्थ बोलायला चांगले होते, मोटारीतून आले होते, मुलगा बरोबर होता. त्यांचे घर पाहायला मी गेलो नाही. फोन केला की ‘मजेत आहे’ असे सांगत, आणि मीही त्यावर समाधान मानत होतो.

चार महिन्यांनी त्या बाजूला काम निघाले म्हणून सहज डोकावलो. कुत्रे मागच्या बोळात बांधलेले होते. जवळ गेल्यावर वास आला. पिल्लू असताना घातलेला पट्टा कोणी कधी सैल केलाच नव्हता, मान वाढत गेली आणि पट्टा कातडीत रुतला होता. डॉक्टरांनी भूल देऊन तो कापून काढला. ते लोक क्रूर होते असे मी आजही म्हणणार नाही. त्यांनी रोज भाकरी टाकली, पाणी ठेवले. पण चार महिन्यांत त्या घरातल्या एकाही माणसाने त्याच्या मानेवरून हात फिरवला नव्हता.

ते कुत्रे आज माझ्याकडे आहे. मानेभोवती केस आलेले नाहीत. तेव्हापासून मी घर पाहिल्याशिवाय पिल्लू देत नाही, आणि दिल्यावर फोन करत नाही, जाऊन येतो. ताई, माणसे वाईट वाटून घेतील म्हणून संकोच करू नका. ज्याला खरोखर हवे आहे तो घर दाखवायला कधीच नाही म्हणत नाही.

सोनचाफा

मिरजकरदादा, वाचून मी लगेच उठले आणि नाचणीच्या पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहिली. एक भोक सैल केले.

गुरांचा डॉक्टर, कराड

दोन बोटांचा अंदाज योग्य आहे, आणि वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला पाहावा.

आता त्या सात फोनबद्दल. मादी नको म्हणणाऱ्यांच्या मनात जे भय असते, ते एका शस्त्रक्रियेने संपते. मादी पहिल्यांदा साधारण सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान माजावर येते, त्यानंतर बहुधा वर्षातून दोनदा. गाभण राहिल्यास साधारण ६३ दिवसांनी विते. नसबंदी केली की माज नाही, दारात कुत्र्यांची गर्दी नाही, पिल्ले नाहीत. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो, आणि पहिल्या माजाआधी नसबंदी झाली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही फार कमी होतो. सहाव्या महिन्याच्या सुमारास आपल्या डॉक्टरांना दाखवून तारीख ठरवावी. टाके भरेपर्यंत दहा-बारा दिवस तिला उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि जखम चाटू द्यायची नाही, एवढाच त्रास. नराची राखण चांगली आणि मादीची कमी, हेही खरे नाही. पंचवीस वर्षांच्या कामात मी पाहिलेली सर्वांत सावध राखण करणारी कुत्री बहुतेक माद्याच होत्या.

ज्या घरी द्याल तिथे गेल्या वर्षभरात एखादे पिल्लू रक्ताची हगवण लागून गेले आहे का, हे आवर्जून विचारा. पार्व्होचा विषाणू जमिनीत, फटींत आणि गोणपाटावर कित्येक महिने टिकतो. फिनेलने तो जात नाही, ब्लीचचे पाणी लागते. लसीचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालू राहिले पाहिजेत, तोवर तिला रस्त्यावरच्या कुत्र्यांत सोडू नये. आणि घरात लहान मूल असेल तर पालकांना हेही सांगा, की खेळताना दात लागून रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. हळद-चुना लावून घरी बसायचे नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ हाती राहत नाहीत, मात्र वेळेत घेतलेल्या लसीने तो टळतो.

सदरबझार

आम्ही दोघेही नोकरी करतो, सकाळी नऊ ते सायंकाळी सहा फ्लॅट बंद असतो. सोसायटीतील काही जणांचा विरोध आहे. तरीही नाचणीचे वर्णन वाचून फार इच्छा झाली आहे. आम्हाला विचारात घ्याल का?

तराजू

विरोधाची काळजी करू नका. सोसायटीला सरसकट कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच परिपत्रक काढून स्पष्ट केले आहे. मात्र नऊ तासांचा प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारावा.

सोनचाफा

सदरबझार, तुम्ही काही न लपवता लिहिले म्हणून मीही तसेच लिहिते. या वयाच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी लघवीला न्यावे लागते आणि दिवसातून चार वेळा खायला लागते. नऊ तास एकटे राहिले तर ते रडेल, घाण करेल, दार कुरतडेल आणि तुम्ही दमून घरी येऊन त्याच्यावर रागवाल. तुमचा दोष नसेल, त्याचाही नसेल. घरी दिवसभर कोणी असेल अशी सोय पुढे झाली तर मला नक्की कळवा.

माहुलीकर

मी संगम माहुलीचा. आमच्या गावात कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे आणि जवळच त्यांच्या खंड्या कुत्र्याचेही स्मारक आहे. शिकारीच्या वेळी भुंकून त्याने वाघाची चाहूल दिली आणि महाराजांचा जीव वाचवला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. रोज संध्याकाळी घाटावर जाताना मी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. आमच्या घरी मी आणि पत्नी दोघेच असतो. अंगण आहे, वेळ आहे, माया आहे. पण माझे वय चौऱ्याहत्तर आहे. नाचणी बारा-चौदा वर्षे जगणार, तिला आमच्यामागे कोण पाहील याचे उत्तर माझ्यापाशी नाही. मुलगा परदेशात आहे. म्हणून मागणी करत नाही, फक्त मनात आले ते लिहिले.

सोनचाफा

काका, तुमच्याएवढा खोल विचार अकरापैकी एकानेही केला नव्हता. पिल्लू तुम्हाला झेपणार नाही असे मलाही वाटते, ते दिवसभर धावते आणि हातापायांना दात लावते. पण माझ्या माहितीत एक आठ वर्षांची शांत कुत्री आहे. तिच्या मालकीणबाई वारल्या आणि ती गेले दोन महिने एका गॅरेजच्या दारात झोपते आहे. नसबंदी झालेली आहे, लसी झालेल्या आहेत. तिला तुमच्या अंगणापेक्षा जास्त काही लागणार नाही, आणि पुढे काही अडचण आली तर तिची जबाबदारी मी घेईन, हे लिहून देते. काकूंना विचारून पाहा.

माहुलीकर

विचारले. ती म्हणाली, तिला आधी घरी घेऊन या, मग बोलू.

बेदाणा, तासगाव तालुका (१५ फेब्रुवारी)

सगळा धागा दोनदा वाचला, मग लिहायला घेतले. आमचे घर मणेराजुरीच्या बाजूला द्राक्षबागेतच आहे. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघे आणि तीन मुले, म्हणजे दिवसाचा एकही तास घर रिकामे नसते. आमचा वाघ्या तेरा वर्षांचा होऊन दिवाळीनंतर गेला, म्हातारपणानेच गेला. त्याची वाटी अजून पडवीत आहे, कोणी उचललेली नाही. मला नाचणी हवी आहे. घरात अडचण एकच आहे, सासूबाई मादीला तयार नाहीत. डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला आहे.

गुरांचा डॉक्टर, कराड

बेदाणाताई, वाघ्या तेरा वर्षे जगला यावरूनच सांभाळ कळतो. पण तुमच्या नावामुळेच विचारावे लागते आहे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. एखाद्याने वर्षानुवर्षे खाल्ले आणि काही झाले नाही, म्हणून दुसऱ्यालाही होणार नाही असे समजू नये. त्यात पिल्लाचे वजन कमी, म्हणजे थोडेही पुरते. आता तर तुमचा बेदाण्याचा हंगाम सुरू होतो आहे. शेड घरापासून किती लांब आहे? आणि फवारणीची औषधे कुठे ठेवता?

बेदाणा

वाघ्या खाली पडलेले मणी खायचा, आणि आम्ही कौतुकाने पाहायचो. आपला प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला.

बेदाण्याची शेड घरापासून दोनशे-अडीचशे फुटांवर आहे. रॅकच्या खाली जाळी मारलेली आहे, पण दोन्ही तोंडे उघडी आहेत. यांनी आजच माप घेतले, दोन्हीकडे फाटके बसवून घेतो. औषधे वेगळ्या खोलीत कुलपात असतात, मात्र रिकामे डबे बाहेर पडलेले असत, ते आज उचलले. घडांची विरळणी, तोडणी चालू असेल तेव्हा तिला पडवीत ठेवू, आणि मुलांना सांगितले आहे की एक मणीसुद्धा तिला द्यायचा नाही. चुकून खाल्लेच तर काय करावे?

गुरांचा डॉक्टर, कराड

उलटी किंवा मरगळ दिसण्याची वाट पाहू नका. खाल्ल्याचे कळताच दवाखाना गाठा. पहिल्या दोन तासांत पोट रिकामे करता आले तर पुढचे बरेच टळते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने दुसरेच संकट येते.

मिरजकर

मिरजेहून तासगाव मला जवळ आहे. सोनचाफाताईंची आणि बेदाणाताईंची हरकत नसेल तर रविवारी मी घर पाहून येतो.

बेदाणा

अवश्य या दादा. जेवायलाच या.

मिरजकर (२२ फेब्रुवारी)

जाऊन आलो. जसे दिसले तसे लिहितो.

शेडला एका बाजूचे फाटक बसले आहे, दुसऱ्याचे काम चालू आहे. अंगणाच्या लोखंडी दाराखाली वीतभर फट आहे, तिथून पिल्लू सहज बाहेर जाईल, ती विटा लावून बुजवायला सांगितली. विहिरीला कठडा आहे. शेततळ्याला मात्र कुंपण नव्हते, आणि प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की जनावराला वर येता येत नाही. यावर त्यांच्या सासऱ्यांनी माझ्यासमोरच तारेची जाळी मागवली. गेल्या वर्षभरात पार्व्होचे नाव नाही. मुले कुत्र्याला कशी हाताळतात हे पाहायला माझे काळे कुत्रे बरोबर नेले होते. धाकटीने त्याच्या मानेवरचा बिनकेसांचा भाग पाहिला, कशाने झाले ते विचारले, आणि मग तो भाग सोडून बाकी पाठीवरून हात फिरवत राहिली.

सासूबाई सुरुवातीला बोलल्या नाहीत. मी निघताना त्या म्हणाल्या, पिल्ले झाली की ती कुठे सोडायची हा त्रास मी माहेरी पाहिला आहे, पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून यायला मलाच पाठवायचे, म्हणून मादी नको म्हणते. नसबंदीचा खर्च कोण करणार, असे त्यांनी विचारले. बेदाणाताई ‘मी’ म्हणाल्या. त्यावर सासूबाई म्हणाल्या, मग आणा.

सोनचाफा

त्यांचे म्हणणे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

नाचणीला रेबीजची लस परवा देते. दोन्ही फाटके आणि तळ्याची जाळी पूर्ण झाली की कळवा, मी स्वतः तिला घेऊन येते. हमीपत्रात चार गोष्टी असतील. साखळीवर कायम बांधणार नाही, लसी पूर्ण करू, सहाव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी करू, आणि कोणत्याही कारणाने सांभाळणे अशक्य झाले तर इतर कोणाला न देता मला परत देऊ. मी महिन्याने, आणि त्यानंतर नसबंदीच्या वेळी येऊन जाईन.

बेदाणा

चारही मान्य आहेत. नसबंदीच्या वेळी मुक्कामालाच या.

वाडेफाटा

ताई, सातारा ते तासगाव पिल्लू गाडीत पहिल्यांदाच एवढे लांब जाणार. निघण्याआधी तीन तास खायला घालू नका, आणि तिच्या अंगाखालचे जुने फडके बरोबर द्या, वास ओळखीचा राहतो.

बेदाणा (४ मार्च)

नाचणी काल दुपारी पोहोचली. सोनचाफाताई निघाल्या तेव्हा ती दाराशी बसून राहिली आणि अंधार पडेपर्यंत तिथून उठली नाही. रात्री दोनदा रडली. दुसऱ्यांदा मी उठून पडवीत आले, तर सासूबाई आधीच तिथे फडक्यावर तिच्याजवळ बसलेल्या होत्या. वाघ्याची वाटी धुऊन त्यांनी पाणी भरून ठेवले होते. सकाळी तिने वाटीत पाय बुडवला आणि मग पाणी प्यायली.

माहुलीकर

वाचून आनंद झाला. आमची गॅरेजवाली आता ओसरीवर झोपते. संध्याकाळी घाटावर माझ्याबरोबर येते आणि खंड्यापाशी मी थांबलो की तीही थांबते.